रेसिडेन्सीचे चित्र आणि त्याखालची बारीक अक्षरे

हैदराबादेत जामबाग आणि कोठी हे पायी जाण्याइतके जवळचे भाग. कोठीची जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी १९४९ पासून मुलींचे कॉलेज म्हणून ओळखली गेली, आता तिथे महिला विद्यापीठ आहे. भोवतीच्या वस्तीचा आणि बाजाराचा बराचसा इतिहास याच एका वास्तूशी बांधलेला आहे. तिचे एक जुने रंगीत चित्र शहराविषयीच्या पुस्तकांत वारंवार भेटते आणि त्याखाली बहुधा एवढीच ओळ असते : कॅप्टन ग्रिंडले, १८१३. वाचक हे साल छायाचित्राखालच्या सालासारखे घेतो. त्या वर्षी कोणीतरी इथे उभा होता, त्याला जे दिसले ते असे दिसले, असे तो मनोमन मानून चालतो. माझे म्हणणे असे की हे साल चित्राचे नाहीच, फार तर त्यातल्या पहिल्या पेन्सिलरेषेचे आहे. लोकांनी विकत घेतले ते चित्र लंडनमध्ये १८२६ ते १८३० या काळात घडले, आणि मधल्या वर्षांत ते अनेक हातांतून गेले. ग्रिंडलेच्या संग्रहाला दख्खनच्या इतिहासात पुरावा म्हणून मोल आहे, चांगले मोल आहे. पण ते ठरवायचे तर चित्रात काय दिसते याआधी ते कोणकोणत्या हातांतून आले हे विचारावे लागते.

मराठी वाचकाला ग्रिंडले हे नाव ठाऊक असते ते बँकेमुळे. मुंबई-कलकत्त्याच्या जुन्या व्यापारी पेठांत ज्या ‘ग्रिंडलेज’ची पाटी दीर्घकाळ होती, तिचा मूळ पुरुष रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला अधिकारी. जन्म १७८६चा; विशीच्या आतच तो हिंदुस्थानात आला आणि १८२० मध्ये निवृत्त झाला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याला नव्हते. छावणी हलेल तिथे वही काढून रेखाटने करायची, ही त्या काळच्या पुष्कळ लष्करी अधिकाऱ्यांची सवय त्यालाही होती. इंग्लंडला परतल्यावर त्याने या रेखाटनांतून ‘सीनरी, कॉस्च्यूम्स अँड आर्किटेक्चर, चीफली ऑन द वेस्टर्न साइड ऑफ इंडिया’ हा संग्रह सहा भागांत काढला. हाताने रंगवलेली छत्तीस चित्रे, प्रत्येकाबरोबर मजकूर. प्रकाशनाला सुरुवात रुडॉल्फ आकरमनकडे झाली, पुढचे भाग स्मिथ, एल्डर आणि कंपनीने काढले. हे काम चालू असतानाच, १८२८ मध्ये, त्याने लंडनमध्ये लेस्ली अँड ग्रिंडले ही एजन्सी उघडली. हिंदुस्थानात जाणाऱ्या-येणाऱ्या इंग्रजांचा प्रवास, सामान, पैसे यांची व्यवस्था लावणे हा तिचा धंदा, आणि बँक उभी राहिली ती या धंद्यातून. ग्रिंडले १८७७ मध्ये वारला तेव्हा त्याच्यातला चित्रकार जवळजवळ विसरला गेला होता.

ही चित्रे ज्या पद्धतीने छापली तिला अ‍ॅक्वाटिंट म्हणतात, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच कळत नाही. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर राळेची अगदी बारीक पूड पसरतात आणि पत्रा खालून तापवतात. कण वितळून जागच्या जागी चिकटतात. मग पत्रा तेजाबात बुडवला की तेजाब कणांच्या मधल्या फटींतून तांबे खाते आणि पृष्ठभागावर सूक्ष्म जाळी उमटते. जो भाग पांढरा राहायला हवा तो आधीच वार्निश लावून झाकतात. थोडा वेळ तेजाब, की फिकट छटा मिळाली. मग ती छटा झाकायची, पुन्हा बुडवायचे, त्याहून गडद छटा मिळवायची, असे टप्प्याटप्प्याने गडद सावलीपर्यंत जायचे. जाळीत शाई भरून ओला कागद दाबला की शाईच्या धुवणीने रंगवल्यासारखा मऊ परिणाम येतो. जलरंगातल्या आकाशाची, धुक्याची, दूरच्या डोंगरांची नक्कल करण्यात त्या वेळी या पद्धतीला तोड नव्हती. थॉमस आणि विल्यम डॅनियल यांनी १७९५ ते १८०८ या काळात ‘ओरिएंटल सीनरी’ची १४४ चित्रे याच पद्धतीने काढली आणि इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांना हिंदुस्थान कसा दिसतो हे ठरवून टाकले. मात्र पत्र्यावर काम करणारा कारागीर छटेचा धनी असतो. आकाश किती भरून आले आहे, सावली किती लांब पडली आहे, मागची टेकडी धूसर आहे की स्पष्ट, हे सारे तेजाबात पत्रा किती वेळ ठेवला यावर ठरते, आणि ग्रिंडलेच्या बाबतीत तो वेळ ठरवणाऱ्याने हैदराबादची मुसी नदी पाहिलेली नव्हती.

तांब्यापर्यंत पोचण्याआधी आणखी एक टप्पा होता. ग्रिंडलेची छावणीतली रेखाटने थेट पत्र्यावर उतरवण्याजोगी नव्हती; लंडनमधल्या सराईत चित्रकारांनी त्यांवरून मोठी, भरलेली जलरंगचित्रे केली. विल्यम वेस्टॉल आणि विल्यम डॅनियल ही त्यांतली दोन नावे. दोघांनीही हिंदुस्थान पाहिला होता, वेस्टॉल तर १८०३-०४च्या सुमारास मुंबई आणि घाटमाथ्यापर्यंत येऊन गेला होता, पण म्हणून ग्रिंडलेने जिथे बसून रेघ ओढली ती जागा त्यांनी पाहिली होती असे होत नाही. मग रीव्ह, बेंटली, फिल्डिंग अशा खोदकारांनी त्यांवरून पत्रे केले. छपाईनंतर रंग भरणारे वेगळे. एकेक प्रत समोर ठेवलेल्या नमुन्याबरहुकूम हातानेच रंगवली जाई. शिवाय संग्रहातली सगळी रेखाटने ग्रिंडलेची नाहीत. सिलोनमधल्या एका दृश्याचे मूळ रेखाटन दुसऱ्याच अधिकाऱ्याचे आहे, आणि ग्रंथाच्या नावातला ‘चीफली’ हा शब्द त्यासाठी उपयोगी पडला असावा. यातले काहीही चोरून केलेले नाही. चित्राच्या खालच्या काठावर डाव्या कोपऱ्यात कोणाच्या रेखाटनावरून कोणी काढले, उजव्या कोपऱ्यात कोणी खोदले, आणि तळाशी प्रकाशक व तारीख, असे बारीक अक्षरांत देण्याचा त्या धंद्याचा रिवाजच होता. आपण मधले मोठे नाव वाचतो आणि कोपरे वाचत नाही, हा दोष आपला.

इथे एक रास्त आक्षेप येतो. त्या काळची जवळजवळ सगळी छापील चित्रे अशीच अनेक हातांनी होत. मग ग्रिंडलेलाच वेगळे का काढायचे? आणि रेसिडेन्सीसारखी वास्तू आजही उभी असताना चित्र खरे की खोटे हे ताडून पाहता येते की. आक्षेपाचा पहिला भाग मला मान्यच आहे. ग्रिंडलेवर आरोप करण्याचे कारण नाही. कारण आहे ते त्याच्या चित्राला डोळ्यांदेखतची साक्ष समजणाऱ्यांना हटकण्याचे. दुसऱ्या भागाला मात्र थोडे थांबून उत्तर द्यायला हवे. रेसिडेन्सी बांधवून घेतली जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक या रेसिडेंटने, आराखडा मद्रास इंजिनिअर्समधल्या सॅम्युएल रसेलचा, आणि खर्चाचा भार निजामाच्या तिजोरीवर. काम १८०३च्या सुमारास सुरू झाले. कोरिंथियन शैलीचे सहा उंच खांब, वर त्रिकोणी ललाट, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना सिंह. अशा इमारतीत सरळ रेषा, ठरलेली प्रमाणे आणि मोजता येणारी अंतरे असतात, आणि लष्करी अधिकाऱ्याचा हात अशाच गोष्टींवर बसलेला असतो. खांब मोजणे हे किल्ल्याचे बुरूज मोजण्यासारखेच काम. शिवाय लंडनच्या चित्रकाराला ही युरोपीय घडण ओळखीची होती. शंका आली तर ती कोणत्या बाजूने सोडवायची हे त्याला सहज कळत होते. म्हणून अशा चित्रात इमारतीवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो, दुरुस्तीच्या कामात अशी चित्रे उपयोगी पडतात यातही आश्चर्य नाही. पण इमारत जुळली म्हणून पुढची माणसे, कडेची झाडे, वरचा प्रकाश हेही जुळले असे होत नाही. तो सगळा भरणा या धंद्यात अदलाबदल करण्याजोगा माल होता. एका पत्र्यात वेगवेगळ्या प्रतीचा पुरावा असतो आणि तो प्रत्येक भागासाठी निराळा तोलावा लागतो. नेमकी अडचण अशी की इतिहासाच्या पुस्तकांना ज्याची हाव असते ते लोक, पेहराव, वाहने, रहदारी, हे सारे याच कमी प्रतीच्या भागात येते.

आता १८१३ या सालाकडे वळू, कारण चित्र काय दाखवत नाही ते या सालातच दडले आहे. खर्ड्याच्या लढाईत १७९५ मध्ये मराठ्यांपुढे हार खाल्ल्यावर निजाम इंग्रजांच्या आसऱ्याला गेला; १७९८ आणि १८००च्या तहांनी तैनाती फौज हैदराबादेत कायमची बसली आणि तिच्या खर्चापोटी मुलूख गेला. रेसिडेन्सीची इमारत या तहांची पैदास. १८१३ मध्ये तिथे हेन्री रसेल रेसिडेंट होता, आणि त्याच सुमारास त्याने निजामाच्या पैशाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली नवे पलटण-दळ उभारले, ते रसेल ब्रिगेड. १८१४ मध्ये विल्यम पामरची पेढी रेसिडेन्सीच्याच सावलीत उभी राहिली. निजाम सरकारला तिने इतके कर्ज दिले की ते प्रकरण पुढे लंडनपर्यंत गाजले आणि १८२४ मध्ये पेढी बुडाली. रसेल ब्रिगेड डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांविरुद्ध लढली. त्याच्या दीड महिना आधी खडकीवर पेशव्यांची फौज मोडली होती. म्हणजे ग्रिंडले ज्या वास्तूचे रेखाटन करत होता तिच्या आत त्या घटकेला मराठेशाहीच्या शेवटाची फौज आणि त्या फौजेच्या पगाराची सोय जमत होती. चित्रात ती एक देखणी, निवांत हवेली आहे.

कोणी म्हणेल, निसर्गचित्रकाराकडून बातमीदारी कशाला मागता? खरेच, मागू नये. पण विषयांची निवड तर त्याचीच होती. संग्रहातली दख्खनची चित्रे शेजारी ठेवून पाहावीत : वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला, औरंगाबादेतले औरंगजेबाच्या वाड्याचे अवशेष, गोवळकोंड्याच्या सुलतानांच्या कबरी. ही सारी संपलेल्या सत्तांची स्मारके. त्या ओळीत नवी, चुन्याने लखलखणारी, वापरात असलेली सत्तेची जागा एकच, ती रेसिडेन्सी. सासवडचे चित्र या चौकटीत बसत नाही, कारण सासवड तेव्हा नांदते गाव होते आणि तिथल्या पुरंदरे घराण्याचा दबदबा अजून लोकांच्या आठवणीत ताजा होता. तो अपवाद मान्य करूनही एकंदर मांडणीचा कल लपत नाही. १८०३ ते १८१८ या पंधरा वर्षांत असईपासून अष्टीपर्यंत याच मुलखात लढाया झाल्या, आणि ग्रिंडलेची नोकरी जवळजवळ त्याच काळातली. संग्रह मात्र असा उभा राहतो की दख्खनच्या सत्ता आपोआप, वेलींनी झाकल्या जाऊन, लयाला गेल्या असाव्यात. अवशेष रम्य वाटावेत यासाठी ते कोणी केले हा प्रश्न मनात येता कामा नये, आणि अ‍ॅक्वाटिंटची मऊ छटा त्या कामाला फार सोयीची होती.

यावरून ही सगळी साम्राज्याची जाहिरात होती असा निकाल देऊन मोकळे होण्याचा मोह आजच्या टीकाकारांना होतो. मला तो घाईचा वाटतो. ग्रिंडलेला वेरूळची खरी ओढ होती. तिथल्या शिल्पांवरचे त्याचे टिपण रॉयल एशियाटिक सोसायटीच्या ‘ट्रान्झॅक्शन्स’च्या दुसऱ्या खंडात आले आणि त्यावर राजस्थानचा इतिहासकार जेम्स टॉड याने लिहिले. निव्वळ विक्रीवर डोळा असलेला माणूस एवढ्या खोलात शिरत नाही. तरीही धंद्याची बाजू नजरेआड करून चालणार नाही, आणि ती साम्राज्य या मोठ्या शब्दापेक्षा अधिक नेमके काही सांगते. संग्रहाचे गिऱ्हाईक कोण? हिंदुस्थानात नोकरी करून परतलेला अधिकारी, तिकडे निघालेल्या मुलाचे आईबाप, कंपनीत पैसे गुंतवलेला व्यापारी. एजन्सीचे गिऱ्हाईकही तेच. १८२८ नंतर एकच माणूस एका हाताने या लोकांना बोटीचे तिकीट काढून देत होता आणि दुसऱ्या हाताने ती बोट जिथे पोचायची त्या किनाऱ्याचे चित्र विकत होता. पुढे १८३७ मध्ये त्याने वाफेच्या बोटींनी हिंदुस्थानशी दळणवळण जोडण्याच्या प्रश्नावर पुस्तिकाही लिहिली. परका मुलूख जाण्याजोगा, राहण्याजोगा, परत येऊन आठवण्याजोगा वाटावा ही गरज दोन्ही व्यवसायांत समान होती. त्यात कट नाही, फसवणूकही नाही. पण ज्या चित्रात पटकी नाही, धूळ नाही, थकलेला पगार मागणारा शिपाई नाही, ते चित्र त्या गिऱ्हाइकाने विकत घेतले असते, आणि घेतले.

रेसिडेन्सीच्या भोवतालाचा पुढचा इतिहास पाहिला की चित्राची मर्यादा आणखी ठळक होते. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या पुढाकाराने रोहिल्यांनी या रेसिडेन्सीवर हल्ला चढवला. तो मोडला, मौलवींना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तुर्रेबाज खान मारला गेला, आणि नंतर रेसिडेन्सीच्या तटबंदीची मजबुती झाली. आजूबाजूचा रेसिडेन्सी बाजार ब्रिटिश अमलाखाली होता. १९३३ मध्ये तो निजामाकडे परत आला आणि सुलतान बाजार झाला. निजामाचे कायदे जिथे पुरते पोचत नव्हते अशा त्या पट्ट्यात आणि त्याच्या कडेच्या मोहल्ल्यांत सभा, वाचनालये, आर्य समाज, सार्वजनिक उत्सव यांना थोडी मोकळी हवा मिळाली. मराठी मंडळींचे सार्वजनिक जीवन याच भागात रुजले. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पिढीने विसाव्या शतकाच्या आरंभी उभी केलेली विवेकवर्धिनी आज जामबागेत आहे. हैदराबादच्या मराठी माणसासाठी रेसिडेन्सीचा खरा अर्थ तिच्या खांबांपेक्षा तिच्या हद्दीत होता, आणि हद्द चित्रात येत नाही. १८१३च्या रेखाटनाकडून पुढच्या शतकाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, हे खरे. अन्याय होतो तो वेगळ्याच कारणाने : या मोहल्ल्यांच्या इतिहासाचे पुस्तक काढायचे म्हटले की मुखपृष्ठावर पहिली निवड या चित्राचीच होते.

कोणाचे नाव छापले जाते आणि कोणाचे नाही, हा प्रश्न ग्रिंडलेच्याही आधीचा आहे. पुणे दरबारातला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार १७९०च्या दशकात वेरूळची लेणी मोजून-मापून रेखाटत होता. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स त्याच काळात त्याच लेण्यांवर काम करत होता. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये वेरूळचा चोवीस चित्रांचा ग्रंथ काढला. ग्रंथावर वेल्सचे नाव आहे, डॅनियलचे आहे, गंगारामचे नाही. गंगारामची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि अभ्यासक त्यांच्याकडे अलीकडे वळले. तांब्याच्या पत्र्याची सारी व्यवस्थाच लंडनमध्ये असल्यामुळे इथल्या हाताला त्या बारीक अक्षरांत जागा मिळणे अवघड होते. दगडावरच्या छपाईने हे गणित बदलले. शिळाप्रेसला खोदकार लागत नाही. तेलकट शाईने दगडावर जो लिहितो किंवा काढतो त्याचीच रेघ कागदावर उठते, आणि दगड, शाई, दाबयंत्र ही सामग्री मुंबईत जुळवता येत होती. ग्रिंडलेचा संग्रह लंडनमध्ये पुरा झाला १८३० मध्ये. १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी, अमेरिकन मिशनच्या छापखान्यातली कला पाहून स्वतः यंत्र आणि शाई घडवून, शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. ते देखणेपणात अ‍ॅक्वाटिंटच्या जवळपासही नव्हते. पण त्यावर नाव होते ते छापणाऱ्याचे, आणि ते विकले गेले ज्या गावात छापले त्याच गावात.

ग्रिंडलेच्या संग्रहाच्या अखंड प्रती आता मोजक्या ग्रंथालयांत मिळतात. पुष्कळ प्रती जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यांनी फोडल्या, कारण बांधलेल्या खंडापेक्षा छत्तीस सुटी चित्रे चौकटीत घालून विकली की अधिक पैसे येतात. चौकट करणारा कडा छाटतो. पुस्तकासाठी किंवा पडद्यासाठी नक्कल करणारा उरलीसुरली पांढरी पट्टीही काढून टाकतो, आणि तिच्याबरोबर डावा कोपरा, उजवा कोपरा, प्रकाशकाचे नाव आणि १८२० च्या दशकातली तारीख जाते. मग कोणीतरी खाली नव्याने टाइप करतो : कॅप्टन ग्रिंडले, १८१३. हैदराबादेवर पुढचे पुस्तक काढणाऱ्या प्रकाशकाने निदान तळाच्या त्या पट्टीसकट चित्र छापावे. कागद अर्धा इंच जास्त लागेल.